शुक्रवारचा टीव्ही

काशीदच्या घरातला टीव्ही फक्त शुक्रवारी बिघडतो, असं मावसभावाने फोनवर सांगितलं तेव्हा मला हसू आलं. शनिवारी तो शहाण्यासारखा वागतो, रविवारी तर विचारूच नका. पण शुक्रवारी रात्री मुंबईहून दमून पोचल्यावर मावशीने भिंतीवरचं ‘मालिका’ नावाचं बटण दाबलं, की मालिकेऐवजी कधी नातवाच्या गेमचा काळा पडदा येतो, कधी सिनेमांच्या चौकटीच चौकटी दिसतात, तर कधी मालिका सुरू होते आणि थोड्याच वेळात कुणी ओढून नेल्यासारखी नाहीशी होते. ज्यांनी ही यंत्रणा बसवली त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा शनिवारी दुपारी. त्याने बटण दहा वेळा दाबलं, दहाही वेळा मालिका लागली. ‘‘आजी, तुम्ही जोरात दाबता,’’ एवढं निदान करून तो गेला.

मावशी ऐंशीची आहे. पंचवीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला बटण दाबायला शिकवणारा माणूस तिने जेमतेम सोसला. मी काशीदला गेलो तो तिच्या रागामुळे. कुतूहल वाटेत जागं झालं.

काशीद अलिबाग-मुरूड रस्त्यावर, अलिबागपासून साधारण तीस किलोमीटरवर. एका अंगाला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसऱ्या अंगाला फणसाड अभयारण्याचे डोंगर. मार्च २०२०मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईकरांना हा किनारा आणखी जवळ आला. सुट्टीपुरती उघडणारी घरं इथे बरीच आहेत, आणि त्यातल्या काहींत आता दिवे, पंखे, पडदे, टीव्ही असं सगळं एका हबच्या हुकमावर चालतं. अशी घरं आठवड्यातले पाच दिवस बंद असतात. मालकांना वाटतं, रविवारी सोडलं तसंच घर शुक्रवारी आहे. घरातल्या यंत्रांनाही तसंच वाटतं. गोंधळ तिथेच सुरू होतो.

आधी मांडणी सांगतो. टीव्हीला मागे एचडीएमआयची चार पोर्टं. पहिल्यात छत्रीचा सेट टॉप बॉक्स. दुसऱ्यात साउंडबार, आणि साउंडबारच्या पोटात सिनेमे दाखवणारी स्टिक. तिसऱ्यात नातवाचा गेमचा खोका. चौथं रिकामं. जिन्याखालच्या कपाटात हब आणि राउटर. हबपासून एक बारीक तार भिंतीतून येते आणि तिच्या टोकाचा मुगाएवढा दिवा टीव्हीच्या रिमोट-डोळ्यावर चिकटवलेला असतो. भिंतीवरचं बटण दाबलं की हब त्या दिव्यातून टीव्हीला रिमोटचीच भाषा ऐकवतो: चालू हो, आठ सेकंद थांब, मग पहिल्या इनपुटवर जा. अशा साखळीला बसवणारे लोक ‘सीन’ म्हणतात. शुक्रवारी मात्र भलताच प्रवेश रंगायचा.

इनपुट बदलणं ही डोकेदुखी काही हबने जन्माला घातलेली नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं तेव्हा टीव्हीत एकच गोष्ट यायची, अँटेनाची. पुढे व्हिडिओ आला, मग पिवळी-लाल-पांढरी अशा तीन शेपट्यांची वायर आली, आणि रिमोटवर ‘टीव्ही/एव्ही’ असं बटण अवतरलं. ते चुकून दाबलं गेलं की पडदा निळा व्हायचा आणि घरातल्या मोठ्या माणसाचा चेहरा पांढरा. केबलवाल्याला फोन जायचा. तो यायचा, एक बटण दाबायचा, चहा घेऊन जायचा. त्या काळी निदान बिघाड आणि उपाय एकाच बटणात होते. डिसेंबर २००२मध्ये एचडीएमआयची पहिली आवृत्ती जाहीर झाली. पुढे शेपट्या संपल्या, चित्र-आवाज एका वायरीत आले, आणि त्याच वायरीतून यंत्रं एकमेकांशी बोलूही लागली. त्या बोलण्याकडे मी येणारच आहे.

तूर्त रिमोटच. आपला साधा रिमोट डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश फेकतो. हा प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याचे लांब-आखूड तुकडे म्हणजे हुकूम. बऱ्याच उपकरणांत चालणाऱ्या एनईसी पद्धतीत सुरुवातीला ९ मिलिसेकंदांची एक लांब आरोळी असते, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, मग कोणत्या यंत्रासाठी आणि काय करायचं हे सांगणारे बत्तीस अंक. खात्रीसाठी प्रत्येक गोष्ट एकदा सरळ आणि एकदा उलटी सांगितली जाते. सगळं मिळून ६७.५ मिलिसेकंद. इतकं नीट, इतकं काळजीपूर्वक, आणि तरी यात एक गोष्ट नाही: उत्तर. टीव्ही ‘ऐकलं’ म्हणत नाही. रिमोट हातात धरलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, कारण तो पडद्याकडे बघत असतो. नाही झालं तर पुन्हा दाबतो. जिन्याखालच्या कपाटातल्या हबला पडदा दिसत नाही. तो एकदा बोलतो आणि झालं असं धरून चालतो. आंधळ्या माणसाने दुसऱ्या खोलीतल्या पोराला ‘दिवा लाव’ म्हणावं आणि दिवा लागला असं समजून वाचायला पुस्तक उघडावं, तसं.

त्यात आणखी एक मेख आहे. रिमोटवरची निम्मी महत्त्वाची बटणं ‘उलटवणारी’ असतात. चालूचंच बटण बंदचंही असतं. ‘सोर्स’चं बटण ‘पहिल्यावर जा’ असं सांगत नाही. ‘आत्ता आहेस त्याच्या पुढच्यावर जा’ असं सांगतं. माणसाच्या हाताला हे चालतं. हबला चालायचं तर आत्ता काय स्थिती आहे हे त्याला बिनचूक ठाऊक हवं. गड्याने मधेच जुन्या रिमोटने एकदा टीव्ही लावला, हबला पत्ता नाही, की पुढच्या वेळी ‘चालू हो’ या हुकमाने चालू टीव्ही बंद पडतो. इनपुटचा हिशोबही असाच एकाने घसरतो आणि मग कायम एकाने घसरलेला राहतो. टीव्ही चुकीचा पण दर वेळी सारख्याच अंतराने चुकीचा लागत असेल, तर दुसरीकडे कुठे बघायच्या आधी हाच संशय घ्यावा.

याला औषध आहे, आणि ते बसवणाऱ्यांतल्या जाणत्यांना माहीत असतं. पुष्कळ टीव्हींना रिमोटवर नसलेले हुकूमही कळतात: ‘नुसतं चालू हो’, ‘नुसतं बंद हो’, ‘थेट पहिल्यावर जा’, ‘थेट तिसऱ्यावर जा’. रिमोटवर जागा नसते म्हणून ती बटणं छापलेली नसतात एवढंच. हे सरळ हुकूम हबमध्ये भरले की टीव्ही आधी कुठे होता याला महत्त्व उरत नाही. चालू टीव्हीला शंभर वेळा ‘चालू हो’ म्हटलं तरी तो चालूच राहतो. काशीदच्या घरी हबमध्ये नेमकं काय भरलं होतं? चालू-बंद सरळ हुकमाने, पण इनपुट मात्र उलटवणाऱ्या बटणाने, मोजून दाबत. म्हणजे अर्धा शहाणपणा. पण हेच एकमेव कारण असतं तर खोड शनिवारीही दिसली असती.

शुक्रवारी संध्याकाळी पहिलं काम केलं ते टीव्हीसोबत आलेल्या जुन्या रिमोटने इनपुट बदलून बघण्याचं. बदललं. म्हणजे टीव्हीचे कान शाबूत. मग त्या मुगाएवढ्या दिव्यासमोर मोबाइलचा कॅमेरा धरला आणि मावसभावाला बटण दाबायला सांगितलं. डोळ्याला न दिसणारा हा प्रकाश मोबाइलच्या पडद्यावर जांभळट चमकतो. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर पुढच्यात पाहावा, तिथे अवरक्त अडवणारी गाळणी बहुधा पातळ असते. चमकला. म्हणजे हब बोलतोय. दिवा टीव्हीच्या डोळ्यावर नीट चिकटलेला आहे ना, हेही उचकटून पाहिलं. कोकणातल्या बंद घरात हे पाहावंच लागतं. दमट हवेत डिंक सुटतो, दिवा बोटभर खाली लोंबतो आणि भिंतीशी बोलत राहतो. कुंभारीण माशी तर कुठल्याही भोकात मातीचं घरटं थापते. प्लगच्या भोकांत आणि कुलपांत तिचा चिखल मी पाहिलेला आहे, रिमोटच्या डोळ्याला ती का सोडेल? इथे सगळं स्वच्छ होतं.

दिवाणखान्याचा पश्चिमेचा दरवाजा सताड उघडा होता आणि मावळतीचं ऊन टीव्हीवर तिरपं पडत होतं, म्हणून त्याचाही संशय घेतला. उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो आणि रिमोटचा आवाज त्या कोलाहलात बुडू शकतो. हा छळ जुना आहे. १९५५मध्ये झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी ‘फ्लॅश-मॅटिक’ नावाचा बिनतारी रिमोट केला, टॉर्चसारखा. पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशपेशी, ज्या कोपऱ्यावर झोत मारावा तसा टीव्ही वागे. पण खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपल्याआपण चॅनेल बदले. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीत रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाश सोडून ध्वनी घेतला: रिमोटमध्ये ॲल्युमिनियमच्या कांड्या, बटण दाबलं की हातोडी कांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा सूर निघायचा. त्याला बॅटरी लागत नसे. त्याचीही खोड होतीच, किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी टीव्ही हुकूम समजायचा. आजच्या रिमोटने ३८ हजारांची लय धरली ती याच गर्दीतून आपला आवाज वेगळा ओळखू यावा म्हणून. ऊन स्थिर असतं, लुकलुकत नाही. टीव्हीचा डोळा ठरलेली लय तेवढी उचलतो. पडदा ओढून पुन्हा बटण दाबलं. काही फरक नाही. ऊन निर्दोष.

मग मी घड्याळ लावलं. मोबाइलचं स्टॉपवॉच, दुसरं काही नाही. बटण दाबल्यापासून पडद्यावर काय-काय होतं ते सेकंदासकट कागदावर लिहून काढलं. अशा तपासात याहून उपयोगी हत्यार मला माहीत नाही, आणि बसवायला येणारी माणसं नेमकं हेच करत नाहीत. ती लगेच सेटिंगच्या जंगलात शिरतात. आम्ही येण्याआधी काकांनी, म्हणजे घर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी, टीव्ही लावून पाहिला होता, त्यामुळे ती संध्याकाळ मला ‘शनिवारा’सारखीच मिळाली: टीव्ही चार सेकंदांत जागा, आठव्या सेकंदाला इनपुट बदललं, मालिका सुरू. सगळं सुतासारखं सरळ. म्हणजे शुक्रवार हा वाराचा प्रश्न नव्हता. घरी पोचल्यानंतरच्या पहिल्या खेपेचा होता.

‘‘काका, रविवारी आम्ही निघाल्यावर तुम्ही काय-काय करता?’’ मी विचारलं.

‘‘काय करणार? खिडक्या लावतो, टाकीचा वॉल फिरवतो, मेन खाली करतो. मधली इन्व्हर्टरची लाइन तेवढी ठेवतो, कॅमेऱ्यांसाठी.’’

‘‘मेन रोज खाली?’’

‘‘तुम्ही येईपर्यंत. विजांचा काय भरवसा? मागे शेजारच्यांचा टीव्ही गेला तसा.’’

तो कागद हातात घेऊन मी मेन स्विच खाली केला, पंधरा मिनिटं थांबलो, वर केला, आणि मावशीलाच बटण दाबायला सांगितलं. शुक्रवार हजर झाला.

टीव्ही ‘बंद’ असतो याचे दोन अर्थ आहेत. रिमोटने बंद केलेला टीव्ही डुलकी घेत असतो. कान उघडे, हाक मारली की दोन-चार सेकंदांत उठतो. मेनवरून बंद केलेला टीव्ही निजलेला नसतो, तो मेलेला असतो, आणि वीज आल्यावर त्याला जन्मापासून सुरुवात करावी लागते. आजचा टीव्ही हा आतून संगणकच. त्या घरचा टीव्ही थंड अवस्थेतून नीट भानावर यायला मी मोजले ते ४१ सेकंद. पडद्यावर कंपनीचं नाव लवकर झळकतं, म्हणून उठल्यासारखा वाटतो, पण ती जांभई असते. हबने आठव्या सेकंदाला इनपुटचे तीन हुकूम सोडले. दोन हवेत विरले, एक कसाबसा पोचला. हबच्या वहीत मात्र तिन्हींची नोंद ‘झाले’ अशी. हब स्वतः इन्व्हर्टरवर आठवडाभर जागा होता, त्यामुळे रविवारी रात्रीचा टीव्ही जसा होता तसाच अजून आहे, या समजुतीवर तो ठाम होता. जागा राहिलेला आणि मरून उठलेला अशा दोघांमधला हा गैरसमज.

एवढ्याने अर्धं कोडं सुटलं. पण मालिका लागून मग ओढली का जायची? ते गौडबंगाल वायरीत होतं.

एचडीएमआयच्या टोकाला एकोणीस बारीक पट्ट्या असतात. बहुतेक चित्र-आवाजाच्या कामात गुंतलेल्या. तेरावी वेगळी आहे. तिच्यावरून सीईसी नावाची बोली चालते, आणि ती घरातल्या सगळ्या एचडीएमआय उपकरणांना एकाच तारेवर बांधते. वेगवेगळ्या कंपन्यांनी तिला वेगवेगळी गोंडस नावं दिलीत, कुणी ॲनीनेट, कुणी सिम्पलिंक, कुणी ब्राव्हिया सिंक. आतला माल एकच. ही बोली फार संथ आहे. एक बिट २.४ मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला चारेकशे बिट. ‘आता चित्र माझं’ एवढं सांगायला एका उपकरणाला सेकंदाचा दहावा भाग लागतो. पण हळू असली तरी भारी आहे, कारण हे वाक्य ऐकलं की टीव्ही निमूटपणे त्या उपकरणाच्या इनपुटवर जातो. कुणी विचारलं नव्हतं, कुणी बटण दाबलं नव्हतं, तरी.

प्रत्येक उपकरणाला पत्ता असतो, वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखा. टीव्ही म्हणजे मालकाचं घर, ०.०.०.०. पहिल्या पोर्टातला सेट टॉप बॉक्स १.०.०.०. दुसऱ्यातला साउंडबार २.०.०.०, आणि साउंडबारच्या पोटातली स्टिक २.१.०.०, म्हणजे दुसऱ्या बिऱ्हाडातला पोटभाडेकरू. हा पत्ता उपकरणाला वरच्याकडून मिळतो. टीव्ही किंवा साउंडबार अजून जागा नसेल तर खालच्याला आपला पत्ताच कळत नाही, आणि पत्ता न कळलेल्याची हाक कुणी घेत नाही. म्हणून कोण आधी उठलं याला या वाड्यात भलतंच महत्त्व.

मेन वर केल्यावर सगळी यंत्रं एकदम जन्माला येत होती. सेट टॉप बॉक्स आधी भानावर यायचा. स्टिक सगळ्यात शेवटी, माझ्या कागदावर ५३व्या सेकंदाला. आणि उठल्या-उठल्या, आपल्याला कुणी बोलावलंय की नाही याची चौकशी न करता ती तारेवर ओरडायची: चित्र माझं. टीव्ही तिकडे वळायचा. मावशीची मालिका जायची, सिनेमांच्या चौकटी यायच्या. शनिवारी स्टिक आधीच जागी असल्यामुळे ओरडायचं कारणच नव्हतं. खात्री करायला मी स्टिकची वीज काढली आणि मेनचा तोच खेळ पुन्हा केला. मालिका चुकीच्या मुहूर्तावर लागली, पण लागली ती राहिली.

पाहुण्यांच्या अंगावर ओरडणाऱ्या स्टिकचं तोंड बंद करणं सोपं होतं. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक पोर्टासाठी वा प्रत्येक उपकरणाच्या सेटिंगमध्ये ही बोली वेगळी बंद करता येते. घरात हब असेल तर माझं मत सरळ आहे: इनपुट कुणी बदलायचं याचा मालक एकच असावा. हबही बदलणार, सीईसीही बदलणार, गेमचा खोका हातातलं बटण दाबताच आपल्याआपण बदलणार, असं तीन घरच्या पाहुण्यासारखं झालं की टीव्ही उपाशी राहतो. साउंडबारचा आवाज टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त व्हावा एवढ्यासाठी सीईसी ठेवावं लागतं, तिथे ते ठेवावं. स्टिक आणि खोक्यावर बंद करावं. आम्ही तेच केलं. नातवाने एक दिवस कुरकुर केली.

आठ सेकंदांचे साठ केले असते तरी भागलं असतं. बसवणाऱ्याने फोनवर तोच उपाय सुचवला. पण मग शनिवारी चार सेकंदांत उठणाऱ्या टीव्हीपुढेही मावशीने मिनिटभर बसायचं का? वेळ मोजून थांबणं हा नेहमीच अंदाज असतो, आणि अंदाज कुठल्या तरी दिवशी चुकतो. खरी गरज विचारण्याची होती. आजचे बहुतेक स्मार्ट टीव्ही घरच्या वायफायवरूनही हुकूम घेतात, आणि हा रस्ता दुहेरी आहे. ‘चालू आहेस का? कुठल्या इनपुटवर आहेस?’ असं हब विचारू शकतो आणि टीव्ही सांगतो. हबला तसं शिकवलं: दर दोन सेकंदांनी विचार, टीव्हीने ओ दिली की थेट पहिल्या इनपुटचा हुकूम दे, दहा सेकंदांनी पुन्हा विचार, भलतीकडे असेल तर एकदा दुरुस्त कर, आणि तरी नाही जमलं तर गप्प बस. ते शेवटचं फार गरजेचं. नाहीतर कुणी मुद्दाम इनपुट बदललं तरी हब हट्टाने मागे ओढत राहतो.

वायफायच्या रस्त्यालाही खाचखळगे आहेत. राउटर प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक देतो आणि बरेच दिवस गैरहजर राहिलेल्याचा क्रमांक दुसऱ्यालाही देऊन टाकतो. पाच दिवस मेलेला टीव्ही परत आला की नव्या क्रमांकाने येतो आणि हब जुन्या दारावर थापा मारत बसतो. राउटरमध्ये टीव्हीचा क्रमांक कायमचा राखून ठेवला की हे मिटतं. दुसरं, टीव्ही डुलकीत असताना वायफायचे कान उघडे ठेवायचे की नाही, हे त्याच्या सेटिंगवर असतं आणि वीज वाचवण्याचा पर्याय निवडला की ते बहुधा मिटतात. ज्या टीव्हीला वायफायचं बोलणं येतच नाही, तिथे आणखी एक साधी युक्ती चालते: वीज मोजणारा प्लग. डुलकीतला टीव्ही वॅट-दोन वॅट खातो, चालू टीव्ही साठ, ऐंशी, शंभर. आकडा पाहिला की हबला कळतं, निजलाय की जागा. पडदा दिसत नसला तरी नाडी तर लागते.

ही झाली शुक्रवारची कथा. पण समुद्रकाठी याहून जास्त वेळा भेटणारा दोष शुक्रवारची वाट बघत नाही. खाऱ्या हवेत धातू टिकत नाही, हे काशीदमध्ये कुणाच्याही खिडकीचे गज पाहिले तरी कळतं. एचडीएमआयच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, पण अगदी पातळ. स्वस्त वायरींत तर नावापुरता. मिठाचा ओलसर थर त्यावर बसला की आधी चित्र मरत नाही. आधी बिघडतात त्या बारीक वाटाघाटी. एकोणिसावी पट्टी ‘कुणीतरी जोडलंय’ ही वर्दी देते, अठराव्यावर पाच व्होल्ट असतात, पंधरा-सोळावरून टीव्ही आपली कुंडली सांगतो, मला कुठलं चित्र झेपतं ती. यातलं एक डळमळलं की इनपुट बदलतं, पण पडदा काळा राहतो, किंवा चित्र येतं-जातं. चोरी रोखण्यासाठी असलेली एचडीसीपी नावाची कुलूपकिल्लीची देवाणघेवाणही अशा वेळी अर्ध्यात मोडते. आणि तेराव्या पट्टीची तार एखाद्या बिघडलेल्या उपकरणाने दाबून धरली, तर सगळा वाडा एकदम मुका होतो. दोष कुणाचा हे एकेक वायर काढूनच सापडतं.

‘काढून परत घाला’ या केबलवाल्यांच्या मंत्राला आपण हसतो, पण त्यात तथ्य आहे. वायर काढून घालताना पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि वरचा थर खरवडला जातो. शिवाय वर्दी, कुंडली, पत्ता, किल्ली हे सगळे सोपस्कार पहिल्यापासून होतात. एका हिसक्यात दोन उपाय. फक्त सगळ्या उपकरणांची वीज आधी काढावी. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोकं पुसली आणि रिकाम्या पोर्टांना रबरी बुचं लावली तर पुष्कळ कटकट वाचते.

विजेबद्दल काकांचं म्हणणं मात्र मी खोडलं नाही. मावसभावाला वाटत होतं, मेन खाली करू नका असं काकांना सांगितलं की प्रश्न मिटला. पण वळवाच्या आणि परतीच्या पावसात या किनाऱ्यावर विजा धडधडतात, आणि ३ जून २०२०ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग चक्रीवादळ सोसलेल्या माणसाला वीज चालू सोडून जा म्हणणं मला तरी जमलं नसतं. उलट त्यांना एक गोष्ट वाढवून सांगितली. मेन खाली केल्यावर छत्रीची वायरही सेट टॉप बॉक्समधून काढून ठेवा. गच्चीवरची छत्री उंचावर असते, झटका त्या वायरीतून आत शिरतो, बॉक्समधून एचडीएमआयमध्ये आणि तिथून टीव्हीच्या पहिल्या पोर्टात. अशा घरांत एकच पोर्ट मेलेलं आणि बाकीची जिवंत, असं दिसलं तर इनपुट बदलण्याच्या आज्ञेत चूक शोधण्यात अर्थ नसतो. वायर दुसऱ्या पोर्टात घालून पाहावी.

आणि पावसाळ्यात एक फरक मावशीला समजावून दिला, जो तिला लगेच कळला आणि मावसभावाला दोनदा सांगावा लागला. पडद्यावर ‘सिग्नल नाही’ असं दिसलं की ते कुणी म्हटलंय ते बघायचं. अक्षरांसोबत छत्रीवाल्यांचं चिन्ह किंवा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक असेल, तर इनपुट अगदी बरोबर आहे. बॉक्स सांगतोय की आभाळातून काही येत नाही. छत्रीवर येणाऱ्या लहरी दहा-बारा गिगाहर्ट्झच्या, आणि जाड पावसाचे थेंब त्या पिऊन टाकतात. सर ओसरली की चित्र येतं. पण टीव्हीच्या स्वतःच्या अक्षरांत, काळ्या पडद्यावर तरंगणारं ‘सिग्नल नाही’ असेल, तर टीव्हीला बॉक्सकडून काहीच मिळत नाही: बॉक्स बंद, वायर सैल किंवा इनपुट भलतं. पहिल्यात भजी तळायची, दुसऱ्यात वायर बघायची, असं तिने त्याचं भाषांतर केलं.

पुढच्या शुक्रवारी नवा बंदोबस्त पहिल्यांदा कसोटीला लागणार होता. मावसभाऊ मोबाइलवर हबच्या नोंदी उघडून बसला होता, टीव्ही कितव्या सेकंदाला ओ देतो ते बघायला. मावशीने बटण दाबलं आणि चार सेकंदांत मालिका लागली. एकही दुरुस्ती नाही, एकही फेरविचारणा नाही. नोंदींत लिहिलं होतं, टीव्ही गेल्या पस्तीस मिनिटांपासून डुलकीत आहे.

‘‘मेन कधी वर केलात, काका?’’

‘‘आईंचा फोन आला ना, साळावचा पूल ओलांडला म्हणून. मागच्या वेळी त्यांनीच सांगितलं, आम्ही कोर्लईला पोचेपर्यंत त्याला उठवून ठेवा.’’